रहीमभाऊंचं अडतिसावं पान

रहीमभाऊ गेल्याचं मला मंदाबाईंनी फोनवर सांगितलं. भाद्रपदातली दमट दुपार होती. ब्रह्मपुरीच्या घरी ओसरीत बसून मी कुणाच्या तरी प्रबंधातल्या चुका लाल शाईनं रंगवत होतो. मंदाबाई म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांतल्या नावाजलेल्या नटी. रंगमंचावर आई होऊन उभ्या राहिल्या की समोरच्या बायकांचे पदर आपोआप डोळ्यांना लागतात. फोनवर मात्र त्यांचा आवाज शांत होता. "सर, रहीमभाऊ गेले जी. झोपीतच गेले. सीझनमंधी गेले असते त आमचे खेळ पडले असते... भाऊनं तेवढंबी पाह्यलं." आणि मग, खोटं कशाला सांगू, आम्ही दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मी रडलो, ते वेगळं. पण रहीमभाऊंच्या बाबतीत आधी हसू यायचं आणि मग बाकीचं, हा क्रम त्यांच्या मरणानंही मोडला नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या या चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळी झाली, धान कापून घरात आलं, की गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. रात्री सुरू होऊन कोंबडा आरवेपर्यंत चालतं. कंपन्यांचं ठाणं वैनगंगेपलीकडे वडशाला. होळीपर्यंत रोज नवं गाव आणि बऱ्याचदा रोज नवं नाटक, त्यामुळे पाठांतराला वेळ कुणालाच नसतो. सगळा भार प्रॉम्प्टरवर. स्टेजच्या पुढे जमिनीत कमरेएवढा खड्डा खणलेला असतो, त्यात हा माणूस दिवा लावून बसतो आणि राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची वाक्यं अर्धा श्वास आधी हळूच म्हणत जातो. नटांना ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये, एवढाच आवाज. रहीमभाऊंनी ही नोकरी चाळीसेक हंगाम केली. उरलेलं वर्ष ते ब्रह्मपुरीच्या बाजारात गाद्या-रजया भरायचे. त्यांच्या भुवयांवर नेहमी कापूस असायचा, त्यामुळे ते तरुणपणापासून म्हातारेच दिसत.

मी सांगलीचा. मराठी नाटक आमच्याकडे जन्मलं आणि इतरत्र फक्त वारलं, अशी आम्हा सांगलीकरांची समजूत असते. इथल्या कॉलेजात मराठी शिकवायला आलो तेव्हा माझं वय अठ्ठावीस होतं आणि मत पक्कं होतं. पीएचडीला विषय घेतला होता 'अभिजात नाटक आणि आधुनिक नाटक : समीक्षेच्या कसोट्या.' नाव भारदस्त, आत काही नाही. संस्कृत वळणाच्या जुन्या नाटकाला रसाची कसोटी लावायची, नव्या नाटकाला संघर्षाची, आणि दोन्हींची एकमेकांशी गाठ घालायची, असा बेत होता. दोन वर्षं झाली तरी गाठ काही बसेना. मार्गदर्शकांची पत्रं यायची, ती मी उघडत नव्हतो. अशा वेळी कॉलेजातल्या शिपायानं सुचवलं, "सर, आमच्या गावी मंडई हाये. चाला नाटक पाहाले. तुमचं पुस्तक काही पळून नाई जात."

गेलो. नाक मुरडत गेलो, हे कबूल करतो. नाटक होतं आजच्या काळातलं, कौटुंबिक. शेतकरी बाप, आई आणि शिकलेला मुलगा. मुलाला दूर शहरात नोकरी लागते, तो जायला निघतो, बाप त्याला अडवत नाही. बापाच्या कामात दौलतभाऊ नावाचे नट होते, आईच्या कामात मंदाबाई. पहाटेचा सुमार होता. थंडीनं माझे पाय बधिर झाले होते आणि नाटक मला पाठ झाल्यासारखं वाटत होतं. मुलगा पेटी उचलून निघून जातो. बाप खाटेवर बसतो... आणि तो मळक्या बनियनमधला बाप मान वर करून म्हणाला, "हे चारही दिशांच्या रक्षकांनो, माझ्या पुत्राला ज्या वाटेनं नेलंत ती वाट मला दाखवा! दोघांसाठी घडवलेलं हे सिंहासन मला एकट्याला रुंद होत आहे." मी ताडकन उठून बसलो. सुतळीच्या खाटेला सिंहासन! आणि दोन हजार माणसांत खोकला नाही, पोराचं रडणं नाही. माझ्या शेजारच्या आजोबांनी डोक्याचा गमछा काढून मांडीवर ठेवला, देवळात ठेवावा तसा. दौलतभाऊ पुढे बोलत राहिले, पानभर, संस्कृतप्रचुर, आणि शेवटी खाटेच्या एका कडेला सरकून बसले, शेजारी मुलाची जागा मोकळी ठेवून. मी कुडकुडत वहीत लिहीत होतो. माझी गाठ बसली होती.

पंधरा दिवसांत मी लेख लिहिला आणि एका जाड त्रैमासिकाकडे पाठवला. त्यात मी म्हटलं होतं की विद्यापीठांत जे कुणाला जमलं नाही ते एका खेड्यातल्या मांडवात घडलं आहे. आधुनिक नाटक दुःख गिळतं, अभिजात नाटक दुःखाचा उच्चार करतं, आणि या नाटककारानं जाणीवपूर्वक, मोठ्या धाडसानं, आधुनिक माणसाच्या तोंडी अभिजात विलाप देऊन दोन्ही परंपरांना एका खाटेवर बसवलं आहे. 'जाणीवपूर्वक' हा शब्द मी सात वेळा वापरला होता. लेख गाजला. मार्गदर्शकांचं पत्र आलं, ते मी उघडलं. कंपनीचे मालक स्वतःच नाटकं लिहायचे. त्यांनी लेख चौकटीत बसवून वडशाच्या ऑफिसात लावला आणि विचारेल त्याला सांगू लागले, "ते मले आतूनच सुचलं जी." लेखाची भाषा अशी होती की आज वाचताना मलाच धाप लागते. कंपनीत तो कुणी वाचेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

मग एका रविवारी सकाळी दारात रहीमभाऊ उभे. मी त्यांना ओळखत नव्हतो. खड्ड्यातला माणूस कुणाला दिसतो? हातात कापडी पिशवी, भुवयांवर कापूस. म्हणाले, "मी प्रॉम्प्टर हावो जी. रहीम. तुमच्यासंग जरासं बोलाचं होतं." बसायला सांगितलं तर खुर्चीच्या टोकावर टेकले. पिशवीतून हातानं लिहिलेल्या दोन प्रती काढल्या, सुट्या कागदांच्या, सुतळीनं बांधलेल्या. एक त्या कौटुंबिक नाटकाची. दुसरी मालकांनीच जुन्या वळणावर लिहिलेल्या पौराणिकाची, नांदी, सूत्रधार, विदूषक सगळं असलेली, पुत्र गमावलेल्या राजाची. दोन्ही प्रती रहीमभाऊंच्याच अक्षरात. त्यांनी दोन्हींतलं अडतिसावं पान काढून माझ्यासमोर ठेवलं.

"सर, सिंदेवाहीच्या घाटात जीपचा टप उडाला. सारे कागद उडाले. पोट्टे धावले, मी धावलो, जमा केले. मग नंबर पाहून पाहून लावले. नंबर बरोबर होते जी. पन अडतीस इकडचा तिकडं गेला, अन् तिकडचा इकडं आला."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी विचारलं, "म्हणजे तो विलाप...?"

"राजाचा होता. मी सुरातच म्हनून राह्यलो होतो, दुसऱ्या ओळीले ध्यानात आलं. पन तंवर दौलतनं उचललं होतं. प्रॉम्प्टर थांबला का मानूस उघडा पडते सर. अन् मागं पब्लिक असं चिडीचूप झालं होतं... मी म्हनलं, आता होऊन जाऊ द्या."

"आणि त्या नाटकात, मूळच्या अडतिसाव्या पानावर काय आहे?"

त्यांनी दुसरं पान माझ्याकडे सरकवलं. वर एकच ओळ होती : बाप काही बोलत नाही. बिडी पेटवतो. खाली आईची दोन वाक्यं आणि पडदा.

मी ती ओळ दोनदा वाचली. रहीमभाऊंना वाटलं, मला पुढचं ऐकायचं आहे. ते सांगू लागले, आणि मी शपथेवर सांगतो की माझ्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर सकाळ असूनही मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी पौराणिक होतं. आदल्या दिवशी काय झालं हे त्यांना ठाऊक होतं, पण झोप नव्हती, वेळ नव्हता, पानं तशीच राहिली. राजपुत्र पडला. दौलतभाऊ मुकुट घालून सिंहासनावर बसले आणि पुढच्या वाक्यासाठी कान खाली केला. रहीमभाऊंनी पान उलटलं, समोर ती ओळ. चाळीस वर्षं... तेव्हा दहा-बारा वर्षंच झाली होती, पण सवय ती सवयच. समोर आहे ते वाचायचं. त्यांनी वाचलं, "बिडी पेटवतो." आणि राजानं खाली वाकून, ओठ न हलवता विचारलं, "कुठी आहे बिडी?"

"मग?" मी विचारलं.

"मंग काय जी. मी म्हनलं, चूप बस. तो चूप बसला. लंबा वेळ बसला. काहीच नाई बोलला राजा. अन् सर, खरं सांगू का? तिथीबी लोकं रडले."

ते पुढे वाकले. मी नकळत वही ओढली होती. "तुमी लिवलं का जुनं नाटक बोलते अन् नवं नाटक चूप राह्यते. मी दोन्ही करून पाह्यलं. नवं बोललं, लोकं रडले. जुनं चूप बसलं, लोकं रडले. म्हनून मले वाटलं, तुमाले सांगाव. तुमचं अर्धंच झालं आहे."

अहो, दोन वर्षं ग्रंथालयात घालवून मला जे दिसलं नव्हतं ते हा गादीवाला खुर्चीच्या टोकावर बसून सांगत होता! पण मी तेव्हा काय केलं? मी घाबरलो. नोकरी नवी, लेख गाजलेला, प्रबंध त्यावर उभा राहणार. एका उडालेल्या कागदावर मी सात वेळा 'जाणीवपूर्वक' लिहिलं होतं, हे बाहेर पडलं तर सांगलीपर्यंत हसू झालं असतं. मी दार लोटून घेतलं आणि म्हणालो, "रहीमभाऊ, हे कुणाला सांगू नका." त्यांनी विचारलं, "म्हंजे तुमी लेख वापस नाई घेत?" मी म्हणालो, "नाही." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला वाटलं, माझी कीव करत आहेत. "कोनाले सांगतो जी मी," म्हणाले, आणि चहा न घेताच निघाले.

त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्या दुकानात जाऊ लागलो. सुरुवातीला पहाऱ्यावर जायचो, हेही सांगून टाकतो. तोंड बंद आहे ना, एवढं पाहायला. मग कधीतरी पहारा विसरलो आणि शिकायला लागलो. दुकानात बसायला खुर्ची नव्हती, अर्धी भरलेली गादी होती. तिच्यावर बसलं की माणूस हळूहळू खाली जात राहायचा आणि वादात आपोआप हरायचा. त्यांच्या प्रतींच्या समासात खुणा असत. जिथे लोक खोकले तिथे टिंब. जिथे उठून चहाला गेले तिथे वाकडी रेघ. जिथे चिडीचूप झाले तिथे गोल. आम्ही समीक्षक नाटकाचं पुस्तक वाचतो. ते पाठ फिरवून बसलेले असूनही पाठीमागची माणसं वाचायचे. "नाटक पुस्तकात बरोबर, पन समासात नापास," असं एखाद्या मोठ्या नाटकाबद्दल ते सांगत, तेव्हा मी चिडायचो. मी रस, विभाव, शोकान्त, संघर्ष असे शब्द टाकायचो. ते कापूस पिंजत ऐकायचे आणि म्हणायचे, "हो जी. पन गोल किती?"

जुन्या आणि नव्या नाटकातला फरक मी त्यांना एकदा नीट समजावून सांगायला गेलो. तासभर बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सिरोंच्याची गोष्ट सांगितली. कंपनी एकदा तिकडे गोदावरीकाठी गेली होती. समोर निम्मे लोक तेलुगू बोलणारे, मराठी जेमतेम कळणारे. पहिल्या दिवशी सामाजिक लावलं, तर वाकड्या रेघाच रेघा. दुसऱ्या दिवशी पौराणिक लावलं, तर गोलच गोल. "काऊन? कारन त्याईले गोष्ट घरूनच मालूम होती. जुन्या नाटकात पब्लिक पुढं काय होते ते पाहाले नाई येत, कसं होते ते पाहाले येते. नव्यात काय होते तेच मालूम नसते, म्हनून भाषा लागते." आणि मग डोळे मिचकावून, "लिवा, लिवा. मी कुठी छापाले जातो." मी ते लिहिलं. प्रबंधाचं चौथं प्रकरण तेच आहे. त्याचं नाव 'पूर्वज्ञात कथानक आणि प्रेक्षकाचं अवधान' असं ठेवलं, एवढंच माझं.

त्यांची बेगम, नसीमभाभी, आतून ओरडायची, "अजी, सरले गादीतून काहाडा, चहा थंडा होऊन राह्यला!" ईदेला शीरखुर्मा आणि दिवाळीला आमच्याकडचा चिवडा, अशी देवाणघेवाण सुरू झाली. माझ्या बायकोला ते वहिनी म्हणत. तिनं एकदा विचारलं, इतकी नाटकं केलीत, तुम्हाला स्वतःला कुठलं आवडतं? रहीमभाऊ म्हणाले, "वहिनी, मी नाटक पाह्यलंच नाई कधी. माझी नजर कापीवर, लिवलेल्या पानावर. मान वर केली का ओळ चुकते." आम्ही हसलो. मी तर त्यावर कॉलेजात एक विनोदही करून घेतला.

प्रबंध पूर्ण झाला, त्याचं पुस्तक झालं, पुस्तकाला बक्षीस मिळालं. तो लेख त्यात पहिलं प्रकरण म्हणून तसाच छापला. ऋणनिर्देशात एक ओळ घातली, 'श्री. रहीम यांच्याशी झालेल्या गप्पांचा उपयोग झाला.' गप्पा! पुस्तकाचा कणा त्यांचा आणि मी म्हणतो गप्पा. गेली पंचवीस वर्षं ते पान मी पुढे उलटून टाकत आलो आहे. चर्चासत्रांत तरुण मुलं-मुली उठून त्या लेखाचा आधार देतात आणि मी मान हलवतो. दोन-तीनदा मी रहीमभाऊंना म्हणालोही, "आता सांगून टाकतो. नाटककार, लेखक, कुणी नाही, एक उडालेलं पान होतं म्हणून." दर वेळी त्यांचं एकच, "आता कशाले जी? सीझन तोंडावर आहे." चैत्रात विचारलं तरी त्यांचा सीझन तोंडावर असे. मला वाटायचं, ते मला सांभाळत आहेत. आणि मी, लबाड, सांभाळून घेत होतो.

शेवटची भेट ज्येष्ठातली. धाप लागत होती, पण गादीवर बसून सुईत दोरा ओवत होते. मी पुन्हा तेच काढलं. आता मी निवृत्त आहे, नोकरी जायची नाही, हसू झालं तर होऊ दे. या वेळी त्यांनी सीझनचं नाव काढलं नाही. दोरा ओवून झाल्यावर म्हणाले, "मी गेल्यावर सांगा. मंग कंपनीले काही फरक नाई पडनार." कंपनीचा इथे काय संबंध, हे मला कळलं नाही. विचारायचं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात वडशाला त्यांची शोकसभा झाली, कंपनीच्या तालमीच्या हॉलमध्ये. सतरंजीवर पन्नास-साठ माणसं. नट, पेटीवाले, तबलजी, पडदेवाले, जीप चालवणारे, आणि भिंतीवर चौकटीतला माझा लेख, पिवळा पडलेला. मी रात्रभर बसून कबुली लिहून नेली होती. उभा राहिलो आणि सगळं वाचलं. घाट, टप, अडतिसावं पान, बिडी, ती रविवारची सकाळ, दार लोटून मी काय म्हणालो ते. "या लेखातलं श्रेय नाटककाराचं नाही आणि माझंही नाही, आणि ही गोष्ट मी तीस वर्षं तुम्हा सगळ्यांपासून लपवली," असं म्हणून मी कागदावरून मान वर केली.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मग मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग दौलतभाऊ हसले, बोळक्या तोंडानं. मग हॉलच हसायला लागला. पडदेवाला डोळे पुसत हसत होता. मला वाटलं, झालं, जी फजिती सांगलीला व्हायची होती ती वडशाला झाली.

"सर," मंदाबाई म्हणाल्या, "बोलले आमीच ना जी ते. आमाले मालूम नाई राहीन?"

आता तुम्हीही हसा. तीस वर्षं जुन्या-नव्या नाटकांवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाच्या एकदाही डोक्यात आलं नाही की ती वाक्यं ज्यांच्या तोंडातून गेली, त्यांना ती दुसऱ्या नाटकातली आहेत हे कळलं असेल. बिडी कुठे आहे असं विचारणारा राजा तर समोरच मांडी घालून बसला होता! माझ्या हिशेबी नाटकात लेखक होता, प्रेक्षक होता, समीक्षक होता. नट तेवढे राहून गेले होते.

मी खाली बसलो. मंदाबाई माझ्याजवळ सरकल्या. "तुमचा लेख आला ना, तवा भाऊनं इथीच बसून आमाले वाचून दाखवला. दोन डाव. आमाले आर्धा समजला, पन भाऊचा आवाज... तुमाले मालूम आहे. एवढे वर्षं झाले सर, आमच्या खेळाले कोनी नाटक नाई म्हनत होतं. टाईमपास म्हनत, तमाशा म्हनत. तुमी पह्यल्यांदा नाटक म्हनलं. छापून म्हनलं. अन् तेच नेमकं चुकीचं! भाऊ तीन दिवस झोपले नाई. मंग तुमच्याकडं गेले सांगाले. वापस आले त असे खुश, असे खुश... सर लेख वापस नाई घेत म्हने! आमाले साऱ्याईले चहा पाजला अन् कसम घातली. कोनी बोलाचं नाई. बात फुटली का सर खोटे पडतील, अन् मंग झाडीच्या नाटकावर कोनी लिवाले येनार नाई."

म्हणजे माझा भित्रेपणा हीच त्यांच्यासाठी आनंदाची बातमी होती. एका समीक्षकाचं गुपित पन्नास माणसांनी तीस वर्षं पोटात ठेवलं, आणि नाटकवाल्यांच्या पोटात काय राहतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच याची किंमत कळेल. मी विचारलं, "पण त्यानंतरही तुम्ही तो विलाप त्या नाटकात ठेवलात. मी पाहिलाय. मला वाटलं, मालकांनी जाहिरातीसाठी ठेवला."

"मालकाले काय समजते?" दौलतभाऊ म्हणाले. आता त्यांना काठी लागते. "भाऊ म्हनले, सरनं लिवलं आहे का हे बुद्ध्या, जानूनबुजून केलं. त मंग आता बुद्ध्याच करा. सरचा लेख खोटा नोको पडू देऊ. पान त वापस राजाकडं गेलं होतं जी. म्हनून भाऊनं मले दुपारी दुपारी बसवून ते सारं पाठ करवून घेतलं. जिंदगीत तेवढं एकच पान मी पाठ केलं."

"म्हणजे त्या जागी ते प्रॉम्प्ट करत नसत?"

"नाई. त्या जागी कापी बंद करत," दौलतभाऊ म्हणाले. "दोन मिनिटाचं काम आहे ते. मी खाटेवर बसलो का भाऊ खाली दिवा बारीक करत, मान वर करत, अन् नाटक पाहात."